खालचं पाणी

आमच्याकडं दिशा दोनच, वर आणि खाली. सातारा वर, सांगली खाली. नदी येते ते वर, जाते ते खाली. माझी धाकटी भावजय औंधची. ती माहेराला वर जायची आणि सासरला खाली यायची. कुंडलच्या बाजारात उभा राहून कुणी 'खालच्या गावचा' म्हणाला की कुठल्या अंगाचा ते कळतं, पुढं विचारायला लागत नाही. चौथीपर्यंत मास्तरांनी पूर्व-पश्चिम घोकून घेतली होती. शाळा सुटली तशा त्या दिशाही सुटल्या. शेती केली, विहिरी पाडल्या, पोरांची लग्नं केली, सत्तरी ओलांडली. कधी अडलं नाही.

अडलं ते समुद्रापाशी.

माझा धाकटा भाऊ फौजेतनं रिटायर होऊन आलेला. पोहण्यात त्याचा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कुणी नव्हता. कृष्णेला पूर असताना तो म्हशीच्या शेपटाला न धरता पल्याड जायचा. परवाच्या दिवाळीनंतर त्याच्या पलटणीतल्या मित्रांनी कोकणात जायचं काढलं. मी म्हटलं, "ऊस तोडणीला आलाय आणि तू समुद्र बघाय निघालास व्हय रं?"

"दादा, सगळ्या सरहद्दी बघितल्या, ही एक ऱ्हायली," म्हणाला. जाताना माझी टोपी मागितली. उन्हाची लागतीय म्हणून. मी दिली.

दुपारच्या वक्ताला तो पाण्यात गेला. मित्र वाळूत बसलेले. पोहत लांब गेला, हात वर केला. मित्रांना वाटलं, बोलावतोय. त्यांनीही हात वर केला. मग तो दिसला नाही. टोपी वाळूवर होती, तेवढी माझ्या हातात दिली.

मी आणि पुतण्या, म्हणजे त्याचाच पोरगा, जीप घेऊन आंबा घाटानं खाली उतरलो. बघा, इथंही 'खाली'च आलं तोंडात. तिथं पोलीस होते, होडीवाले होते, आणि नुसते बघायला आलेले तर लय होते. प्रत्येकाचं मत वेगळं. एकजण म्हणाला, समुद्र तिसऱ्या दिवशी आणून टाकतो. दुसरा म्हणाला, हा समुद्र काही आणून टाकत नाही. साहेब खुर्चीत बसून विचारतोय, दारू प्यायला होता का. मी म्हटलं, "साहेब, त्यो माळकरी हाय." त्यानं लिहिलं की नाही कोण जाणे, पेन मात्र हलला नाही.

नदीत माणूस गेला तर आम्हाला कळतं कुठं बघायचं. धारेला लागायचं आणि काठाकाठानं खाली जायचं. वळणाला, बंधाऱ्याच्या भिंतीला, घाटाच्या पायऱ्यांना कुठंतरी लागतो. पण इथं धार कुठली? पाणी पुढं येतंय, मागं जातंय, त्याला उतारच नाही. मी होडीवाल्याला विचारलं, "ह्येचं खाली कुठलं?" तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. त्याची चूक नाही.

तेव्हा पुतण्याला माधवनगरच्या आमच्या हळदीच्या अडत्याची मुलगी आठवली. जैनाची पोर, हुशार, समुद्रावरच शिकायला गेलेली. समुद्रावर म्हणजे पाण्यात नव्हे, कॉम्प्युटरवर. किनाऱ्याजवळचं पाणी कुठं जातं, किती जोरानं जातं, हे गणितानं काढायचं. त्याला ते लोक मॉडेल म्हणतात. आणि तिचं काम त्याच्याही पुढचं, दोन मॉडेलं शेजारी ठेवून कुठलं खऱ्याच्या जवळ जातं ते बघायचं. दिवाळीला आलेली ती अजून घरीच होती. पुतण्यानं तिला जागा आणि वेळ कळवली. ती म्हणाली, चालवून बघते, संध्याकाळी फोन करते.

फोन आला तेव्हा आम्ही खडकावर उभे होतो. रेंज जात-येत होती. फोन मीच घेतला, कारण भाऊ माझा.

"आबा, नीट ऐका," पोर म्हणाली. "वरचं पाणी वाऱ्यानं दक्षिणेला चाललंय. पण बुडालेला माणूस आधी तळाला जातो. तो खालच्या पाण्यानं जातो, आबा. तुम्ही खालच्या पाण्याचं बघा. खालचं पाणी…"

आणि फोन गेला. परत लागला नाही.

मला तेवढं बास होतं. खालच्या पाण्यानं गेलाय, म्हणजे खाली गेलाय. दक्षिणेला हा शब्दही मी कानानं ऐकला होता. पुतण्याला म्हटलं, "चल. खालच्या अंगाला." आमची कृष्णा खाली जाते ती दक्षिणेलाच वळत जाते, तेव्हा माझ्या मनात शंकेला जागाच नव्हती. आणि आजही मी सांगतो, कृष्णाकाठच्या कुठल्याही माणसाला तो निरोप द्या, तो तिकडंच जाईल ज्या अंगाला मी गेलो.

दक्षिणेची एकेक वाळू पालथी घातली. खडकांच्या फटीत काठ्या घालून बघितलं. खाड्या आल्या तिथं होडीनं पल्याड गेलो. गावागावांत भावाचा फोटो दाखवला. फौजेच्या कपड्यातला फोटो होता, तर लोक आधी सलाम करायचे आणि मग नाही म्हणायचे. पुतण्याच्या पायाला कालवांच्या शिंपा लागून जखमा झाल्या. मी चप्पल घातलीच नाही. शेवटी पोलीस म्हणाले, आता तुम्ही जा, काही झालं तर कळवू. कळवू म्हणणाऱ्यांनी मला आयुष्यात कधी काही कळवलेलं नाही.

परत घाट चढलो. त्या फोननंतर खाली रेंज आलीच नव्हती, ती वर आली. पुतण्याचा फोन वाजायला लागला, एकामागनं एक. त्यानं जीप कडेला घेतली. वाचलं. परत वाचलं.

"काय झालं रं?"

"आबा, त्या पोरीचं हाय. त्या दिवशीचं. आत्ता पोचतंय."

"काय म्हणती?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. समोर दरीकडं बघत म्हणाला, "खालचं पाणी म्हंजे तळाचं पाणी, आबा. त्ये उत्तरेला चाललं हुतं. उत्तरेच्या खाडीच्या तोंडाशी बघा म्हणती."

मी म्हटलं, "गाडी वळीव."

वळवली. खाडीच्या तोंडाशी मासे वाळत घालणारी एक म्हातारी आणि तिचा मुलगा होता. त्या मुलानं सांगितलं की दोन-तीन दिवसांमागं ओहोटीला काहीतरी तरंगत होतं, फुगलेलं, काळं. मेलेलं जनावर असेल म्हणून आम्ही होडी जवळ नेली नाही. पुढच्या भरतीला नव्हतं. म्हातारी त्याला गप्प बस म्हणून खुणावत होती. मी तिला म्हटलं, बोलू द्या बाई, त्याचा काय दोष.

घरी आलो. आता आमच्या घरची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. तिनं पदर घ्यायचा, मी भिंतीकडं बघायचं, आणि जे सांगायचं ते पोरांना सांगितल्यासारखं सांगायचं. तिच्या लग्नापासनं आमचं असंच चालत आलेलं. मी सोप्यात बसलो आणि पुतण्याला म्हटलं, "आईला सांग, घावला न्हाई."

आतनं आवाज आला, "विचार त्यांस्नी, पुढं काय करायचं."

पुढं काय करायचं ते भटजींना माहीत होतं. मढं मिळालं नाही तर दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला माणूस मानायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. मी म्हटलं, माझा भाऊ पानाचा नव्हता. पुतळा होणार नाही. भावकीनं समजावलं, ओरडून समजावलं. मी उठून मळ्यात गेलो.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. खाडीत तरंगत होतं ते जनावर होतं की माझा भाऊ, हे ठरल्याशिवाय मी त्याला जाळायला तयार नव्हतो. जनावर असेल तर तो अजून कुठंतरी आहे. भाऊ असेल तर तो वर आला होता, काठापर्यंत आला होता, आणि त्याचं माणूस तेव्हा दुसऱ्याच वाळूत काठ्या घालत फिरत होतं. एका शब्दापायी.

मी माधवनगरला गेलो. अडत्यानं चहा ठेवला, मी घेतला नाही. पोर बाहेर आली, पाया पडली.

मी म्हटलं, "तुला तळ म्हणता येत नव्हतं?"

ती म्हणाली, "आबा, मी उत्तर म्हणालेच होते. तुम्हाला ऐकू गेलं नाही."

"खालचं म्हणालीस."

"तळाच्या थराला आम्ही खालचंच म्हणतो."

"आमी म्हंजे कोण? तू माधवनगरची. तुझा आजा बैलगाडीनं खाली सांगलीला हळद न्यायचा. तुझ्या घरात खाली म्हंजे काय, तुला ठावं न्हाई?"

तिचा बाप चहाच्या कपाकडं बघत बसला. पोरीनं आतनं लॅपटॉप आणला आणि मला चित्रं दाखवली. दोन चौकटी, दोन्हीत तोच किनारा. दोघांनाही तोच वारा दिला, तीच भरती-ओहोटी दिली, म्हणाली. फरक एवढाच की पाणी आतल्या आत किती घुसळतं ते दोघं वेगळं धरतात. पहिलं मॉडेल पाणी वरपासनं तळापर्यंत घुसळून एकजीव करतं, मग सगळंच्या सगळं सावकाश दक्षिणेला सरकतं. दुसरं एवढं घुसळत नाही. त्यात थर राहतात, वरचा दक्षिणेला तर तळाचा उत्तरेला.

"ताक कसं," ती समजावायला गेली, "जोरात घुसळलं तर…"

"ताकात न्हाई बुडाला माझा भाऊ."

मग तिनं कळ दाबली आणि चौकटीत ठिपके सुटले. तो पाण्यात गेला त्या जागेवरनं, त्या वेळेपासनं. ठिपकेच ठिपके, मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखे. एका चौकटीत खाली चालले, एकीत वर. चित्रात दक्षिण खालीच होती, हे मी बघून ठेवलं. माझं डोकं एवढंही वाकडं नव्हतं तर.

"ह्यातला माझा भाऊ कुठला?" मी विचारलं.

"कुठलाही नाही, आबा. आणि सगळेच. एकच सोडला तर चुकू शकतो, म्हणून पुष्कळ सोडायचे आणि बहुतेक कुठं जातात ते बघायचं."

"दोघांतलं खरं कुठलं?"

"ते अजून ठरायचंय. माझं काम तेच आहे. त्या भागात पाण्यात मोजायचं यंत्र ठेवलेलं होतं, ते वर काढलं की त्याच्याशी दोघांना ताडून बघायचं."

"म्हंजे त्या दिवशी तुलाबी ठावं नव्हतं."

"नव्हतं," ती म्हणाली. "मला दुसरं जास्त पटत होतं, म्हणून तेच सांगितलं. पहिल्याचं मेसेजमध्ये लिहिलं होतं."

मी उठलो. मला तिचं खरं बोलणंही सहन झालं नाही. खोटं बोलली असती तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, ती लिहितो. औंधला गेलो, यमाईचा डोंगर चढलो आणि देवीपुढं हात जोडून म्हणालो, पहिलं मॉडेल खरं निघू दे. नवस बोलणाऱ्या बाया शेजारी उभ्या होत्या. कुणाला पोर पाहिजे, कुणाला नवऱ्यानं नांदवायला पाहिजे. मी तिला म्हटलं, पाणी तळापर्यंत घुसळू दे. घुसळलं की तळाचं पाणी उत्तरेला जायचं नाही, आणि खाडीतलं ते जनावर जनावरच राहील. देवीला काय कळलं असेल ते तिचं तिला ठाऊक.

संक्रांत आली. माझ्या मनाचा हट्ट मी धरून बसलो होतो, पण भोगत होती भावजय. हळदीकुंकवाला बायका घरोघर फिरत होत्या. आमच्या दारात आल्या आणि थबकल्या. तिला कुंकू लावायचं का नाही? लावलं तर मेलेल्या नवऱ्याचं, नाही लावलं तर जित्या नवऱ्याला मारल्यासारखं. एक जण करंडा घेऊन पुढं झाली, दुसरीनं तिला चिमटा काढला. मी सोप्यात बसून बघत होतो. शेवटी सुगडं दारात ठेवून त्या गेल्या, कुत्र्याला भाकरी ठेवावी तशी. गावात बोलणंही सुरू झालं होतं. फौजेतला माणूस, असा पोहणारा, बुडेल कसा? कुठं दुसरं बिऱ्हाड तर नाही? पारावर हे बोलणारा माझ्याच वर्गातला. मी त्याला म्हटलं, "तू चौथी नापास हुतास, अजून तिथंच बसलायस." हसले सगळे. तोही हसला. माझी भावजय हसली नाही, कारण ती तिथं नव्हती. ती घरातनं बाहेरच पडत नव्हती.

उन्हाळा लागायच्या सुमाराला माधवनगरची पोर आमच्या दारात आली. एकटीच, एसटीनं. पुतण्यानं घोंगडं टाकलं. ती म्हणाली, "आबा, यंत्र वर काढलं. दोन्ही मॉडेलं ताडून झाली."

मी भिंतीकडं बघितलं. आत भांड्याचा आवाज बंद झाला.

"तुमच्या भावाची गोष्ट मला माझ्या कामात घालायची आहे, नाव न घालता. त्याची परवानगी पाहिजे. पण त्याआधी तुम्हाला सांगायला आले."

"परवानगी," मी म्हटलं. "माझा भाऊ तुझ्या चौकटीत बसतोय व्हय बरोबर?"

"आबा…"

"सांग. कुठलं?"

"भरती-ओहोटीला पहिलं बरं होतं. पण त्या दिवसांत तळाचं पाणी उत्तरेलाच चाललं होतं. दुसरं जास्त जवळचं निघालं." मग म्हणाली, "म्हणजे नक्की असं नाही म्हणता येणार."

"मग काय म्हणता येतंय तुमास्नी? शिकून काय म्हणता येतंय?"

ती रडली नाही. तेवढं मी तिला मानतो.

तेवढ्यात भावजय बाहेर आली. पदर होता, पण चौकट ओलांडून ती सोप्यात आली आणि पोरीच्या शेजारी घोंगड्यावर बसली. म्हणाली, "दाव बघू ते ठिपकं."

पोरीनं दाखवले. पुतण्या मागं उभा राहिला. मी जागचा हललो नाही, पण दिसत होतं. ठिपके सुटले, उत्तरेला सरकत गेले, काही खाडीच्या तोंडाशी घुटमळले, आणि मग एकेक करत चौकटीच्या बाहेर गेले. शेवटी नुसता किनारा राहिला.

"हे खाडीपाशी थांबलेत," भावजयीनं बोट लावून विचारलं, "ते तिथं वर आले असतील?"

"असू शकतील, काकी."

"मंजे त्या पोरानं बघितलं ते…"

"असू शकेल."

भावजयीनं चौकटीवरचं बोट काढलं. मग माझ्याकडं वळली. लग्न होऊन आल्यापासनं पहिल्यांदा ती माझ्याकडं बघून बोलली.

"भावजी, ते आल्ते. जनावर म्हनून का हुईना, कुनाच्यातरी नजरंला पडले. एवढं कळलं, मला बास हाय. तुमी किती दिस मला अशी टांगून ठेवनार?"

मला बोलायचं होतं. हे पोरीचं गणित आहे, पोर स्वतःच नक्की म्हणत नाही, हे सांगायचं होतं. पण तिच्याशी समोर बोलायची मला सवय नव्हती. मी उठलो, कोयता घेतला आणि माळावर पळसाची पानं तोडायला गेलो.

पुतळा केला. पुतण्यानं अग्नी दिला. पानांना जळायला किती वेळ लागतो. माणसाला लागतो तेवढा लागत नाही, लोक पारावर जायलाही मोकळे झाले लगेच.

राख गोळा करून नदीवर गेलो. आमच्यातलं कुणीही गेलं तरी कृष्णेतच सोडतात. मी मडकं पाण्यात धरलं आणि म्हटलं, "घे बाई, त्येच्याकडं पोचीव." तेव्हा पुतण्या हळूच म्हणाला, "आबा, कृष्णा तिकडं न्हाई जात. ती पल्याडच्या समुद्राला जाती. आंध्राच्या."

मी मडकं वर घेतलं.

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत शिकवलेलंच होतं. पण उभ्या जन्मात नदी खाली जाते एवढंच बघितलं, खाली जाऊन कुठं जाते ते बघायची गरज पडली नव्हती. तो एका समुद्रात, आणि आम्ही त्याला दुसऱ्या समुद्राला पाठवायला निघालो होतो. मी म्हटलं, "चल मग. कोकणात जाऊ. त्या खाडीवर सोडू."

काठावरनं भावजय म्हणाली, "नगं." आता ती सरळच बोलत होती. "त्यांस्नी त्या समुद्रानं ठेवून घेतलं. हे तरी आपल्या नदीत ऱ्हाऊ द्या. तिला जाऊ द्या तिकडं जायाचं तिकडं."

मला पटलं नाही, अजून पटत नाही. पण नवरा तिचा होता. पुतण्यानं माझ्या हातातनं मडकं घेतलं आणि सोडलं. राख थोडा वेळ पाण्यावर राहिली, मग खालच्या अंगाला गेली.

पोरीला मी परवानगी दिली नाही. तिनं परत मागितलीही नाही. तिचं काम पुरं झालं, असं अडत्या सांगत होता, पेढे घेऊन आला होता. पेढे भावजयीनं ठेवून घेतले. कपाळ मोकळं झाल्यापासनं ती परत बाजारात जाते, औंधलाही जाऊन आली. माझी टोपी तिनं धुऊन खुंटीला लावली आहे. मी ती घालत नाही.

परवा सांगलीला जायला एसटीच्या थांब्यावर उभा होतो. पारावरचा तोच गडी आला, शेजारी टेकला.

"काय गड्या, खाली निघालास?"

"सांगलीला निघालोय," मी म्हटलं.

"म्हंजे खालीच की."

एसटी आली, मी चढलो.